वाघोजीला उठवायचं की नाही

पुणे,
६ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. आई घुग्घुसच्या धुळीला शिव्या देत मजेत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे अर्धा वेळ तुमचे संवाद आणि अर्धा वेळ माझं हॅलो-हॅलो. शिवाय शेजारून मामी उत्तरं देते. या वेळी मला तुमचं मत कागदावर हवं आहे.

नागपूरच्या त्या बंद खोलीत आवाज रेकॉर्ड करायला मी तुम्हाला कोंडलं होतं, आठवतंय ना? पंखा लावू देत नव्हते आणि तुम्ही घामाघूम होऊन ओरडत होतात, "हा दरवाजा माझ्या प्राणांनी बंद होईल!" ती आमची 'काळदरी' गेम चांगली चालली. तुमचा वाघोजी लोकांनी डोक्यावर घेतला. दरीतल्या सावल्या गावात शिरू नयेत म्हणून तो पहारा देतो आणि शेवटी दार लावून आतच मरतो, तिथे पोरं रडली म्हणे. पोरं म्हणजे तिशीचे बाप्ये.

आता दुसरा भाग करायचा आहे आणि ऑफिसात दोन तट पडलेत. आयुष नावाचा सहकारी म्हणतो, वाघोजी परत आलाच पाहिजे, इंटरनेटवर लोक त्याच्या नावानं गळा काढतायत. दुसरा तट म्हणतो, वाघोजी मेला, आता नवा नायक हवा. त्यांनी जाई नावाची एक मुलगी सुचवली आहे, कंदील घेऊन दरीत उतरणारी. मी अजून कुंपणावर बसले आहे. तुम्ही इतकी वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत हिरो आहात. मेलेल्या हिरोला दुसऱ्या भागात उठवावं का, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?

मामीला नमस्कार.

तुमची,
रिना


मूल,
१५ सप्टेंबर २०२५

चि. रिना हिस मामाचा जय भीम.

पत्र पोचलं. इसरू पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला, "खुशालभाऊ, पुण्याऊन कागद आला!" त्यामुळे मला ते ओट्यावर उभं राहूनच वाचावं लागलं. लोक विचारायला लागले. मी म्हटलं, कंपनी दुसऱ्या भागासाठी सल्ला मागते आहे. खोटं तर नाही बोललो.

उठवावं का, हा काय प्रश्न झाला? आमच्या 'राखी बुडाली वैनगंगेत' नाटकातला इन्स्पेक्टर विक्रम शेवटी गोळी खाऊन मरतो. तिथे नाटक संपायला हवं. पण आपल्या झाडीतले लोक मरणालाही वन्स मोअर देतात, हे तू मामीच्या मांडीवर बसून पाहिलं आहेस. मग विक्रमनं उठायचं, टोपी घालायची, आणि परत गोळी खायची. सिंदेवाहीकडच्या एका गावात तर इतके वन्स मोअर आले की पडदा ओढणाऱ्या नथ्थूजवळच्या बंदुकीच्या टिकल्या संपल्या. शेवटची गोळी त्यानं विंगेत पाटीवर पाटी आपटून मारली. तेव्हा नियम लिहून घे : मेलेला हिरो लोकांच्या बोलावण्यावरून उठतो. कोणी न बोलावता उठला तर ते भूत. तुझ्या वाघोजीला लोक बोलावतायत ना? मग उठव.

आणि तुझ्या गेमात मरणाचं एवढं काय कौतुक? आमच्या कंपनीतला पियुष, जो नाटकात माझा धाकटा भाऊ होतो, त्यानं मोबाइलवर मला खेळून दाखवली. एका दुपारी त्या पोरानं मला दरीत पाडलं, अस्वलापुढं टाकलं आणि पुलावरून ढकललं. दर वेळी मी कपडे झटकून उभा! इतक्यांदा मेलेल्या माणसाला शेवटचं एक मरण जड जातं होय?

आता एक सहज सांगतो. आमचे निर्माते गुणवंतराव यंदा 'राखी बुडाली'चा भाग दोन काढतायत. विक्रम नदीतून वाहत जाऊन वाचला होता, असं दाखवायचं आहे. पण गुणवंतरावच्या मनात हिरो पियुष आहे. मला म्हणाले, "भाऊ, तुमी आता बापाचं काम करा." मी त्यांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, "गेमाच्या दुसऱ्या भागात तुमी असान, त मंग गोष्ट येगळी. पोस्टरवर 'गेमस्टार खुशाल' छापतो, हिरो तुमीच." इतर कंपन्या मुंबईचे सिनेस्टार आणतात, गेमस्टार कोणाकडेच नाही.

तर लवकर काय ते कळव. माझा यात काडीचा स्वार्थ नाही, कलेचा प्रश्न आहे. माझ्या तारखा दिवाळीपर्यंत मोकळ्या आहेत, मग एकदम होळीनंतर.

तुझा,
खुशालमामा


पुणे,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसच्या डब्यात आलं. पाकिटावर 'गेमस्टार' असा शिक्का मारून घेतलेला दिसला. कुठे मिळाला?

तुमचा वन्स मोअरचा नियम मी आयुषला सांगितला, तो टेबलावर चढून नाचायचा बाकी होता. पण मामा, दुसरी बाजू सांगायला हवी. गेममध्ये वाघोजी अस्वलापुढं मरतो तो खेळणाऱ्याच्या चुकीनं. बोट घसरलं, वाघोजी गेला. त्या मरणाला काही अर्थ नाही. शेवटचं मरण मात्र तो स्वतःच्या मर्जीनं मरतो. त्याला जर आम्ही 'नाही, नाही, वाचला होता' म्हणून बाहेर काढलं, तर रडलेल्या माणसाला फसवल्यासारखं होईल. जो रडला तो पुढच्या वेळी रडणार नाही. आणि त्यानं दार लावलं कशासाठी? मागून कोणीतरी मोठं व्हावं म्हणूनच ना?

एक मधला मार्ग निघू शकतो. वाघोजी जाईच्या आठवणीत दिसेल. म्हाताऱ्या आवाजात तिला दोन-चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल. दहा मिनिटांचंच काम, पण फार महत्त्वाचं. खरं सांगू का, बापाची भूमिकाही वाईट नसते. नाटकात बापाशिवाय हिरो येतो कुठून?

गुणवंतरावांना एवढ्यात काही बोलू नका. आमच्याकडे अजून काहीच ठरलं नाही. मी तर अजून कुंपणावरच आहे.

तुमची,
रिना


वडसा,
४ ऑक्टोबर २०२५

चि. रिना हिस जय भीम.

तालमीच्या मांडवातून लिहितो आहे. खुर्चीवर बसून, कारण उभं राहिलं की गुणवंतराव म्हणतात, "भाऊ, पाय जड पडून राह्यला." गुडघा जरा कुरकुरतो. ते तुझ्या अंजनामामीला लिहू नकोस.

तू कुंपणावर बसली आहेस असं लिहितेस, पण दोन्ही पाय जाईच्या वावरात सोडलेले दिसतात. वाघोजीबद्दल सहा ओळी, त्याही मयताला आल्यासारख्या. जाईचं नाव आलं की तुझं अक्षर उभं राहतं. मी नट आहे, रिना. समोरचा कोणत्या वाक्यावर जीव टाकतो ते मला कळतं. जाई तूच लिहिली आहेस ना? मग 'दुसरा तट' कशाला म्हणतेस, 'मी' म्हण. मामाला बापाचं काम देताना एवढा आडपडदा कशाला? इथे गुणवंतराव तोंडावर सांगतात. ते परवडलं.

मला राग आला आहे, हे स्पष्ट लिहितो. आवाज माझा घेतलास, प्राण माझा घेतलास, आणि दुसऱ्या भागात मला आठवणीत टाकतेस!

आता तुला उशीर झाला आहे. मी गुणवंतरावांना हो म्हणून सांगून टाकलं. पोस्टर छापून आले. माझा फोटो मधोमध, हातात बंदूक, डोक्याभोवती गेमातल्यासारखा निळा उजेड. खाली छापलं आहे, 'काळदरी भाग एक व भाग दोन फेम गेमस्टार खुशाल.' मूलपासून धानोऱ्यापर्यंत पानटपऱ्यांवर चिकटले. पियुषचा फोटो कोपऱ्यात आहे. बिचारा मला रोज पाणी आणून देतो, पण बघतो मात्र गुडघ्याकडे.

आता भाग दोनमध्ये वाघोजी नसला तर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत पोरं मला काय म्हणतील ते तूच लिहून बघ, तू लेखिका आहेस. पंधरा तारखेला चंद्रपूरला दीक्षाभूमीवर आम्ही दोघं जाऊ. आलीस तर भेट होईल. बोलेनच असं नाही.

खुशाल


पुणे,
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

चंद्रपूरला येऊ शकले नाही, कारण इथे तुमचंच काम करत होते.

हो, जाई माझी आहे. तुम्हाला विचारलं तेव्हा मी ऑफिसात तिच्या बाजूनं बोलूनही बसले होते. वाटलं होतं, तुम्हीच मोठ्या मनानं म्हणाल, "जाऊ दे रिना, वाघोजीला झोपू दे." म्हणजे माझ्या मनाला टोचणी नाही. तुम्ही तसं म्हणायला तयार नव्हतात आणि ते कबूल करायला मी.

पोस्टरचा फोटो आईनं पाठवला. निळा उजेड बघून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि वाघोजीच्या बाजूनं बोलले. आयुषला वाटलं, मी त्याची थट्टा करते आहे. मी तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, मेलेला हिरो लोकांच्या बोलावण्यावरून उठतो. साहेबांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. त्याखाली माझं नाव लिहिलं, याबद्दल माफ करा.

तर वाघोजी उठतो आहे. दार आतून ढकलून बाहेर येतो. जाई आहे, पण आता ती त्याच्या मागून कंदील घेऊन चालते. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. वर्षभर मी तिला दरीत उतरायला शिकवत होते आणि आता तिचं काम वाघोजीला उजेड दाखवायचं. पण पोस्टर खरं झालं. होळीनंतर नागपूरला आवाजाचं काम ठेवते. पंखा या वेळी बिनआवाजाचा बघून ठेवीन.

प्रयोग कसे होतात ते कळवा. फोन उचलत नाही आहात, म्हणजे राग उरला आहे. उरू द्या, पण गुडघा सांभाळा.

तुमची,
रिना


मूल,
२० नोव्हेंबर २०२५

चि. रिना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून महिना झाला. त्या दिवशी मी ते सगळ्या कंपनीला वाचून दाखवलं होतं. पियुषनं टाळ्या वाजवल्या. आता जे लिहितो ते फक्त तुझ्यापुरतं ठेव.

वाघोजीला उठवू नकोस.

पहिला प्रयोग धानोऱ्याजवळ अंजनाच्या माहेरी होता, मंडईचा. मांडव गच्च भरला. निळा उजेड सोडला, मी आलो, शिट्ट्या बऱ्या पडल्या. नाटक चाललं. भाग दोनच्या शेवटी विक्रम परत मरतो. गोळी लागते आणि तो देवळाच्या पायरीवरून उडी घेऊन बहिणीच्या पायाशी पडतो. मी उडी घेतली, पडलो, डोळे मिटले आणि थांबलो. नथ्थू पडद्याची दोरी धरून थांबला. त्याला सवय आहे.

रिना, कोणीच म्हटलं नाही. त्या मांडवात हजार माणसं असतील, पण एक आवाज आला नाही. मी पडून राहिलो. मग एकदम खुर्च्या आपटल्याचा आवाज आला, गलका झाला आणि लोक उठले. मी डोळे उघडले नाहीत. मेलेल्यानं उघडायचे नसतात. पडदा पडला. पोरांनी मला उचलून मागच्या मागे जीपमध्ये घातलं. वाटेत कोणी बोललं नाही. मी समजलो.

तेव्हापासून घरी आहे. गुणवंतरावांनी पियुषला विक्रम दिला. मला म्हणाले, "भाऊ, आराम करा." फोन मी अंजनाकडे देऊन टाकला आहे. पण लोक फार भले असतात बघ. नाटक पडल्याचं ऐकून गावोगावचे लोक भेटायला येतात. येतात, माझ्याकडे बघतात, गप्प बसतात, चहा घेतात आणि जातात. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. परवा नवरगावचा बिरजू पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून आला. मी विचारलं, कुठे लग्नाला निघालास का? म्हणाला, "नाई भाऊ, असाच." माझा हात बराच वेळ धरून बसला. एका हिरोच्या पडण्याचं लोकांना इतकं दुःख होतं, हे मला माहीत नव्हतं.

तर माझा नियम मीच पाळतो. बोलावणं आलं नाही, हिरो उठणार नाही. जाईला पुढे जाऊ दे. कंदील तिच्याच हातात शोभतो. तुझ्या साहेबांना माझं हे पत्र दाखव.

तुझा,
खुशालमामा


मूल,
२२ नोव्हेंबर २०२५

रिनाबाई, जय भीम.

मी बोलते तसंच लिवून राह्यली, हासू नोको. तुया मामानं तुले काय लिवलं ते मले माहीत हाये, काऊन का पाकीट मीच चिकटवलं.

खरी गोष्ट आयक. ते पायरीवरून उडी मारले अन् गुडघा वळला. धाडकन पडले. तालमीत असं पडनं नव्हतं. ओठ फुटला, रगत आलं. लोकाइले वाटलं मानूस गेला! वन्स मोअर कोन म्हनन व माय? पह्यले त सगळे दगडावानी बसले, मंग खुर्च्या पाडून स्टेजकडे धावले. माही मावशी छाती बडवून रडून राह्यली होती. मी सोता वर चढली. जवळ गेली त हे डोळे मिटून हळूच मले म्हनतात, "अंजना, वन्स मोअर आला काय?"

मले असा राग आला का काय सांगू. मी म्हनली, "नाई आला. चाला घरी." पोट्ट्याइले म्हनली, उचला अन् मांगून न्या, कोनी काई बोलू नोका. गुनवंतराव माइकवर सांगून राह्यले होते का भाऊ ठीक हायेत, पन त्या रडारडीत कोन आयकते?

मंग काय, गावोगावी खबर गेली, खुशालभाऊ वारले. लोक पांढरे कपडे घालून येऊन राह्यले. मी गल्लीच्या तोंडालेच धरते. म्हनते, "जित्ते हायेत. आलेच त चहा पेऊन जा, पन वारल्याचं तोंडातून काढू नोका." गंज लोक आले, ढिगानं. चायपत्ती पुरत नाई. अन् यायले, तुया मामाले, वाटते, नाटक पडलं म्हनून लोक येऊन राह्यले!

आता तू सांगू नोको. डॉक्टर म्हने, गुडघा पुन्हा गेला त चालनं बंद. लोक आपल्यासाठी रडले असं यायले समजलं, त उद्याच काठी फेकून उडी मारतीन. त्याइच्यापेक्षा नाटक पडलं असंच समजू दे. मानूस घरी त राह्यते. तुयी ते जाई की कोन, तेबी खूश. मंग सगळ्याइचं भलंच हाये ना?

तुयी मामी,
अंजनाबाई


पुणे,
३ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मामीसमोर वाचा. तिनं मला शपथ घातली नव्हती, पण घातल्यासारखंच होतं, आणि मी ती मोडते आहे. तिनं रागावून भांडी आपटली तर चूक माझी.

तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी फळ्यावरचं माझं वाक्य पुसलं आणि दोन मिनिटांत जाईला पुढे केलं. आयुषनंही मान हलवली. मला जे हवं होतं ते मिळालं. घरी आले, पोटभर जेवावं म्हटलं, तर ताट तसंच झाकून ठेवलं. तुम्ही खोट्या गोष्टीवर वाघोजी सोडलात आणि मला ते ठाऊक होतं.

मामा, त्या दिवशी वन्स मोअर आला नाही, कारण लोकांना वाटलं तुम्ही खरंच गेलात. खुर्च्या पडल्या त्या लोक स्टेजकडे धावले म्हणून. मामीची मावशी छाती बडवत होती. आणि घरी लोक येतात ते नाटक पडल्याच्या दुःखानं नव्हे. ते तुमच्या मयताला येतात. बिरजूचे पांढरे कपडे आठवा. तुम्ही ओट्यावर जिवंत बसलेले दिसता म्हणून बिचारे गप्प बसतात. आलेच आहेत तर चहा घेतात.

आता खरं कळल्यावर तुम्ही काय म्हणता ते कळवा. 'वाघोजीला उठव' म्हणालात तर मी परत मीटिंगमध्ये उभी राहीन. हसतील, हसू देत. जाईचं काय करायचं ते माझं मी बघेन. पण कोणी बोलावलं नाही असं समजून तुम्ही आडवे पडून राहावं, हे मला चालणार नाही. माझी अट एकच आहे, मामीचीही तीच. उडी मारायची नाही. गेममध्ये उड्या कॉम्प्युटर मारतो.

तुमची,
रिना


मूल,
१४ डिसेंबर २०२५

चि. रिना हिस मामाचा कडक जय भीम.

पत्र अंजनासमोर मोठ्यानं वाचलं. अर्ध्यावर ती उठून आत गेली आणि धुतलेली भांडी परत घासायला लागली. मी आधी खूप हसलो. मग आपल्यासाठी कोण कोण रडलं असेल ते आठवून मलाच रडू आलं. मग अंजना बाहेर आली आणि म्हणाली, "झालं? आता मारा उडी." मी म्हटलं, "नाही मारत." तिचा विश्वास बसला नाही. अजून काठी उशाला घेऊन झोपते, माझी काठी.

उडी का नाही मारत ते सांगतो. जन्मभर मला वाटत आलं की वन्स मोअर म्हणजे नटाची पदवी. ओट्यावर बसून विचार केला, दुसरं काम नाही. वन्स मोअर लोक कधी देतात? हा खुशाल आहे, हा आत्ता उठेल, असं त्यांना माहीत असतं तेव्हा. ज्याचं मरण खरं वाटलं त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. म्हणजे इतकी वर्षं गावोगाव लोक मला ओरडून सांगत होते की भाऊ, तू मेलेला वाटला नाहीस, परत कर. आणि मी छाती फुगवून परत करत होतो! एकदाच बरोबर मेलो, तेही गुडघ्यामुळे.

वाघोजीच्या वेळी पोरं रडली असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. तो बरोबर मेला आहे, रिना. त्याला हात लावू नकोस. इंटरनेटवरचे लोक बोलावतात त्यांना सांग, मंडळी, पडदा पडला. हे मी मोठ्या मनानं म्हणतो असं समजू नकोस. मला फार जड जातं आहे. पण या वेळी खरं ऐकून म्हणतो आहे, तेव्हा तू पोटभर जेव.

आता इकडची बातमी. गुणवंतरावांकडे जाऊन मी स्वतः बापाचं काम मागून घेतलं. बाप खुर्चीवर बसून बोलतो, अंजनाची परवानगी आहे. मी वारल्याची खबर पसरलेलीच होती, तर गुणवंतरावांनी नवे पोस्टर काढले, त्यात माझ्या नावाआधी 'प्रत्यक्ष हजर' असं छापलं. लोक बघायला येतात, खराच आहे का म्हणून. माझ्या पहिल्या वाक्यालाच टाळ्या पडतात, मी अजून काही केलेलं नसतं. काल पियुष मरणाच्या प्रवेशात तीन वन्स मोअर घेऊन आला. घाम पुसत मला म्हणाला, "भाऊ, पाह्यलं काय?" फार खूश होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

शेवटचं विचारतो. तुझ्या जाईला बाप आहे का? नसेल तर लिहून ठेव. पोरगी कंदील घेऊन दरीत उतरते, तर तिला तो पेटवायला कोणीतरी शिकवलं असेलच. दहा मिनिटांचं काम असलं तरी चालेल. तारखा होळीनंतर मोकळ्या आहेत.

फक्त त्याला शेवटी मारू नकोस. अंजना म्हणते, आता आणखी चहा पुरवणार नाही.

तुझा,
खुशालमामा